हवालदार बिराजदारांच्या चौतीस उड्या

सिद्राम बिराजदारांनी फौजेत असताना विमानातून चौतीस उड्या मारल्या होत्या. टांग्यातून उतरताना मात्र हा माणूस आधी चाकाला धरायचा, मग पायरीवर एक पाय टेकायचा, मग सावकाश दुसरा जमिनीवर. कॉलेजच्या जिमखान्याला तीनच पायऱ्या होत्या, त्याही ते एकेक करून उतरत. एकदा न राहवून मी कारण विचारलं. म्हणाले, "फुकटची उडी कशाला मारायची? गुडघे काय सरकार परत देतंय व्हय?"

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मोठा दुष्काळ सरून वर्ष होत आलं होतं. मी सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बिराजदार मूळ मंद्रूपचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावले की फौजेतली हिंदी. पंधरा वर्षं फौजेत काढली, त्यातली नऊ छत्रीवाल्या, म्हणजे पॅराशूटच्या, पलटणीत. डावा घोटा कायमचा आखडला तेव्हा पेन्शन घेऊन परत आले आणि आमच्या कॉलेजात जिमखान्याचे शिपाई झाले. कॉलेजातल्या इतर शिपायांना आम्ही मामा म्हणायचो. यांना कुणी मामा म्हटलं तर ते ऐकूच आलं नाही असं दाखवत. 'हवालदार' म्हटलं की लगेच वळत.

जिमखान्याच्या ओट्यावरून गिरणीचं धुराडं दिसायचं. रोज सकाळी झाडू हातात घेऊन ते आधी धुराकडे बघत. धूर सरळ वर जात असला तर म्हणत, "आज उडी चालू." आडवा पडला असला तर, "आज उडी बंद." आणि मग झाडायला लागत. सोलापुरात कोण कुठून उडी मारणार होतं? पण हा निर्णय दिल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. गणिताचे एक सर रोज विचारायचे, "काय हवालदार, आज काय?" त्यांना सायकलवरून होटगी रस्त्याला शिकवणीसाठी जायचं असे. उडी बंद असली की सर बसने जायचे.

कॉलेजात मुलींचं छात्रसेनेचं पथक होतं. त्या वर्षी निरोप आला, की छत्रीच्या शिक्षणासाठी काही मुली आग्र्याला पाठवायच्या आहेत. धावणं, वजन, डोळे, छाती असं सगळं तपासून पुण्याला निवड झाली. आमच्या कॉलेजातल्या दोघी निवडल्या गेल्या. एक मी आणि दुसरी महानंदा बिराजदार, म्हणजे हवालदारांचीच मुलगी. माझ्यापेक्षा वर्षाने लहान, चांगली उंच, आणि बोलायची इतकी कमी की वर्गातल्या निम्म्या मुलींना तिचा आवाज माहीत नव्हता.

पथकाच्या प्रमुख पाठकबाई इतिहास शिकवायच्या. छत्रीचं त्यांना काही ठाऊक नव्हतं आणि ते त्या मोकळेपणाने सांगत. "हवालदार, या दोघी तुमच्या ताब्यात," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

हवालदारांकडे ना उंच मनोरा होता ना विमानाचा सांगाडा. त्यांनी एक बैलगाडी आणली. मंद्रूपहून त्यांचा धाकटा भाऊ गुरुलिंग बाजाराला गाडी घेऊन यायचा. परत जाताना ती गाडी तासभर आमच्या मैदानात थांबायची. मैदानावर कडबा पसरायचा, गुरुलिंगाने बैल दुडकत हाकायचे आणि आम्ही चालत्या गाडीच्या मागच्या बाजूने उडी मारायची. छत्रीने उतरणारा माणूस सरळ खाली येत नाही, वारा त्याला तिरका नेतो, म्हणून गाडी चालती हवी. पाय आणि गुडघे जुळलेले, गुडघे जरा वाकलेले, हनुवटी छातीला. पाय टेकले की पोटरी, मांडी, कमरेची बाजू, पाठ अशा क्रमाने अंग जमिनीला द्यायचं आणि लोळायचं.

माझी पहिली खोड म्हणजे मी खाली बघायची. खाली बघितलं की पाय आपोआप जमीन शोधायला पुढे जातात आणि तिथेच मोडतात.

"कदम, जमीन कुटं पळून जात न्हाय की!" हवालदार ओरडायचे. "तू तिला शोधाया जाऊ नको. ती येती. तू समोरचं धुराडं बघ."

त्यांची एक रीत होती. एका उडीला एकच चूक सांगायची. दुसरी दिसली तरी गिळायची. "दोन सांगितल्या तर एकपण ध्यानात राहत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. तशी चूक रोज निघायचीच. ज्या दिवशी ती निघणार नाही, त्या दिवशी आपण तयार झालो असं समजायचं. मी स्वतः मुलांना खेळ शिकवण्यात पुढे बावीस वर्षं काढली आणि त्यांची ही रीत जशीच्या तशी उचलली. ती उपयोगी आहे.

लिंबाच्या झाडाला त्यांनी खाटेच्या नवारीचे पट्टे शिवून टांगले होते. छत्रीखाली लोंबकळायची सवय व्हावी म्हणून त्यात अडकून लटकायचं आणि मोजायचं. विमानातून बाहेर पडल्यावर छत्री उघडायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढा वेळ मोठ्याने मोजायचं, मग मान वर करून छत्री नीट उघडली का ते बघायचं. ते स्वतः कानडीत मोजत. "ओंद साविर, येरड साविर, मूर साविर." साविर म्हणजे हजार. आम्हाला म्हणाले, "ज्या भाषेत आईला हाक मारता त्या भाषेत मोजा. वर गेल्यावर दुसरी आठवत न्हाय."

एकदा पाठकबाई बघायला आल्या आणि त्यांनाही हौस आली. नऊवारी नव्हती, पाचवारीच होती. पदर खोचून त्या लटकल्या. "आता मोजा बाई," हवालदार म्हणाले.

"एक, दोन, तीन. झालं. उतरवा."

"लई लवकर झालं. छत्री अजून पिशवीतच हाय."

"अहो हवालदार, पट्टा रुततोय!"

"रुतणारच. एक हजार म्हणा, मग दोन हजार. घाई केली तर मान वर करताना काय दिसंल? नुसतं आभाळ."

बाईंनी सावकाश तीन हजारांपर्यंत मोजलं, मान वर करून लिंबाचा पाला बघितला, तेव्हा कुठे त्यांना उतरवलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात हा प्रसंग स्वतःच सांगितला.

ते फौजेतल्या गोष्टी फारशा सांगत नसत. एक मात्र अनेकदा सांगत. त्यांच्या तंबूत एक जवान होता. सहा महिने एका ताटात जेवलेला. एका उडीला तो विमानाच्या दारात उभा राहिला, हिरवा दिवा लागला, आणि तो मागे फिरला. दुसऱ्यांदा संधी दिली, पुन्हा फिरला. त्या संध्याकाळी त्याने आपला बिस्तरा बांधला. तंबूतल्या बारा जणांपैकी एकानेही त्याला जातोस का म्हणून विचारलं नाही.

"जाताना माझ्याकडं बघितलं त्यानं," हवालदार म्हणत. "मी बूट पुसत बसलो. दारातनं मागं फिरला की मानूस संपला. त्याच्याशी बोलायचं न्हाय, असाच रिवाज होता."

त्या माणसाचं नाव त्यांनी कधीच सांगितलं नाही. हे सगळं ते अभिमानाने सांगत. महानंदाने ही गोष्ट पाच वर्षांची असल्यापासून ऐकली होती.

आग्र्याला जायच्या आधी पालकांची सही असलेला फॉर्म द्यायचा होता. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, गिरणीत टाइमकीपर होते. नेमस्त माणूस. फॉर्म त्यांनी दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी पाठकबाईंनी हवालदारांना समजूत काढायला आमच्या घरी पाठवलं. ते इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"यात 'जीवितास धोका' असं छापलंय," दादा म्हणाले.

"छापतात साहेब. टांग्यावर न्हाय छापत, एवढाच फरक. पोरगी तयार हाय. पाय जुळवायला शिकली. मी चौतीस येळा वरनं आलोय, हितं तुमच्यापुढं बसलोय."

दादांनी चष्मा पुसला. "तुमची मुलगी पण जाणार आहे ना? तिच्या फॉर्मवर सही केलीत?"

आई चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. हवालदार काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकले असते. कुणी तपासायला जाणार नव्हतं.

"न्हाय केली," ते म्हणाले.

"का?"

"पाय मोडला तर प्लास्टर हाय साहेब. त्याची भीती न्हाय. पर दारातनं मागं फिरली तर? मी तिच्याशी कसा बोलीन, बोलीन का न्हाय, ते मला म्हायत न्हाय. रिवाज अंगात बसलाय माझ्या."

दादांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मग असं करू हवालदार. तुमची सही झाली की माझी."

चहा न पिताच हवालदार उठले. मला राग आला होता. या बाप-लेकीच्या भानगडीत माझं आग्रा अडकलं, असं मला स्पष्ट वाटलं आणि मी तसं दुसऱ्या दिवशी महानंदाला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मी अप्पांना सही मागणार नाही. उडी दाखवीन."

मग बारा-पंधरा दिवस विचित्र गेले. मी चार उड्या मारून बसायची आणि महानंदाला हवालदार वीस-वीस उड्या मारायला लावायचे. कोपर बाहेर, मान ताठ, लोळायला उशीर. मिळेल ती चूक काढत होते. पूर्वी चूक सांगताना त्यांना उत्साह असायचा, आता ती सापडली की हायसं वाटल्यासारखं दिसायचं. महानंदा निमूटपणे पुन्हा गाडीत चढायची. तिच्या कोपरांची सालं गेली होती.

एका संध्याकाळी तिने उडी मारली, लोळली, उठली. हवालदार बघत राहिले. गुरुलिंगाने बैल थांबवले. माझ्याही डोळ्यांना काही खोट दिसली नाही.

"अण्णा, साकु," गुरुलिंग कानडीत म्हणाला. पुरे आता.

हवालदार तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. मग म्हणाले, "वेणी सुटली हाय."

महानंदाने तिथेच उभं राहून वेणी घातली. रिबीन आवळली. "बांधली अप्पा. आता सांगा."

त्यांनी धुराड्याकडे बघितलं, बैलांकडे बघितलं. बघण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा म्हणाले, "आण फॉर्म."

गाडीच्या फळीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. त्याच वेळी बैलाने शेपूट झटकली आणि शेणाचा एक शिंतोडा 'पालकाचे नाव' या रकान्यावर उडाला. पाठकबाईंनी फॉर्म तसाच पुढे पाठवला. दादांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी सही केली.

आग्र्याला शिकवणाऱ्या उस्तादांनी आमचं लोळणं बघून विचारलं, कुठे शिकलात? आम्ही म्हटलं, बैलगाडीवर. ते हसले नाहीत. म्हणाले, "ठीक सिखाया है."

पहिली उडी होती त्या सकाळी आम्ही दोन शेपट्यांच्या एका बोजड विमानात बसलो. उडीच्या आधी उभं राहून पाठीवरच्या छत्रीची दोरी डोक्यावरच्या तारेला अडकवायची असते. त्या दोरीनेच बाहेर पडल्यावर छत्री ओढली जाते. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून मागचीने पुढचीची पाठ तपासायची. महानंदा माझ्या पुढे होती. तिची पाठ मी तपासली. सगळं जागच्या जागी होतं.

हिरवा दिवा लागला. पुढच्या तिघी गेल्या. महानंदा दारात उभी राहिली. उस्तादांनी तिच्या खांद्यावर थाप मारली आणि "गो" म्हणून ओरडले. ती गेली नाही. पुन्हा थाप. तिने मान वळवली, तेव्हा तिचा चेहरा मला दिसला. भ्यालेला नव्हता. रस्ता चुकलेल्या माणसाचा असतो तसा होता. उस्तादांनी तिला दंडाला धरून आत ओढलं आणि दार माझ्यासमोर मोकळं झालं.

मी गेले. त्या वेळी मला तिचा विचार आला नाही, हे खरं ते सांगते. वाऱ्याने कानशिलात मारल्यासारखं झालं, मी मराठीत मोजलं, खांद्यांना झटका बसला आणि एकदम सगळं शांत झालं. वर आवाजच नसतो. खालून कुठल्या तरी कुत्र्याचं भुंकणं स्वच्छ ऐकू आलं. मी लांबच्या एका पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले, आणि जमीन आली.

महानंदाला पुढच्या उड्यांमधून वगळलं. शिबीर संपेपर्यंत ती छत्र्या वाळवायच्या शेडमध्ये दोऱ्या सोडवायला मदत करत होती. मी तिला म्हटलं, "ताप आला होता म्हणून सांग. मी हो म्हणेन."

"खोटं सांगून बोलले माझ्याशी, तर ते बोलणं काय कामाचं?" ती म्हणाली. तिने घरी कार्ड टाकलं. मला दाखवलं. 'अप्पा, मी दारातून मागे फिरले. सोमवारी सकाळी येते. महानंदा.'

परतीच्या प्रवासात दोन गाड्या बदलल्या. महानंदा खिडकीशी बसून होती. दौंडला मी तिला केळी आणून दिली, ती तिने शेजारच्या बाईच्या पोराला दिली. मोहोळ गेल्यावर तिने तोंड धुतलं, वेणी घातली आणि मला विचारलं, "अप्पा आलेच नसले तर मी तुझ्याकडे येऊ का?" मी म्हटलं, ये.

त्या वर्षअखेरीस माझं लग्न झालं आणि मी करकंबला गेले. हवालदारही पुढे नोकरी सोडून मंद्रूपला शेतीवर गेले. तेव्हा त्यांना नीट असं मी शेवटचं बघितलं ते त्या सोमवारी, सोलापूर स्टेशनवर.

ते आले होते. इस्त्रीचा खाकी शर्ट, पायात बूट. माझे दादाही होते, पण ते जरा लांब उभे राहिले. हवालदारांनी महानंदाच्या हातातली ट्रंक घेतली. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, असं दोनदा झालं. महानंदा त्यांच्या बुटांकडे बघत होती. मग ते चहाच्या गाड्याकडे चालायला लागले आणि आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी चार चहा सांगितले. स्वतःचा बशीत ओतला. बशी हातात तशीच धरून ठेवली.

"यव्वा," ते लेकीला म्हणाले, "इमान खाली टेकतं तवा कसं वाटतंय गं?"

महानंदाने वर बघितलं. "काय अप्पा?"

"न्हाय, मी चौतीस येळा वर गेलो. चौतीस येळा छत्रीनं खाली आलो. इमानात बसून कदी उतरलोच न्हाय की. आपल्या घरात तूच पयली. म्हणून इचारतो."

ती हळूहळू सांगायला लागली. "आधी कानांत दडे बसतात. मग जमीन वर येते, शेतं मोठी होतात, आणि एकदम दणका बसतो."

"एकच?"

"दोन. मागच्या चाकांचा आधी. मग सगळं विमान खडखडतं, आपण पुढे जातो."

"पुढं? आन धरायचं कशाला?"

"बाकाला, अप्पा. पट्टा असतो."

"पट्टा असतो व्हय," ते म्हणाले आणि दादांकडे वळून त्यांनाही सांगितलं, "पट्टा असतो म्हणं साहेब." महानंदाने चहा उचलला. तीन आठवड्यांत तिला एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आमच्या दुसऱ्या उडीच्या दिवशी विमान वर गेल्यावर वारा वाढला होता. उडी रद्द झाली आणि आम्ही सगळ्याजणी विमानात बसूनच खाली आलो होतो. त्यात विशेष काही नाही, दर चार उड्यांमागे एकदा असं होतंच, असं उस्ताद म्हणाले होते. नऊ वर्षं छत्रीच्या पलटणीत काढलेल्या माणसावर ही वेळ कितीदा आली असेल, याचा हिशेब मला तिथे उभ्या उभ्या करता आला. मी हवालदारांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चहा घे कदम," ते म्हणाले. "गार होतोय."

मी चहा घेतला.